पुंजारामच्या पुढचा शब्द

चांदवड,
दि. ८ जानेवारी १९७९

ती. सहादूदादास,
लताचा स. जयभीम वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे हे पत्र ऑफिसच्याच पत्त्यावर पाठवते आहे. पंचवटीतल्या खोलीवर टपाल नीट मिळत नाही आणि देवळाली कॅम्पात मात्र मिळतं, याचं कारण आम्ही असं धरलं आहे की ऑफिसचं आवक टपाल तूच फोडतोस. वहिनी आणि छोटी सुजाता बऱ्या असतील. इकडे सगळं ठीक आहे, आणि एक मोठी बातमी आहे.

आबा स्वतःचं नाव लिहायला शिकले. समाजमंदिरातला प्रौढवर्ग माझ्याकडे आहे हे तुला कळवलं होतंच. आबा पहिले पंधरा दिवस नुसते कंदील घेऊन यायचे आणि दाराशी बसून बाकीच्यांची मजा बघायचे. मग एक दिवस आत आले आणि म्हणाले की पुस्तक मला नको, कमळ आणि खटारा शिकून या वयात काय करू, मला फक्त माझं नाव शिकव. हात मात्र असा वळतो की तपासणीला आलेले साहेब थक्क झाले. मी त्यांना सांगितलं की आबा तीस वर्षं आग्रा रोडवर मैलकुली होते, दर वर्षी मैलाच्या दगडांना चुना लावून वरची अक्षरं काळ्या रंगाने गिरवायचे, तो कुंचल्याचा हात आहे. सध्या पुंजाराम हा एकच शब्द येतो. आडनाव, म्हणजे केदारे, होळीनंतर सुरू करू म्हणते.

आता हे नाव कशासाठी, ते ऐक. बाहत्तरच्या दुष्काळात मुरूम खणताना आबांना ते तोटीचं मातीचं गाडगं सापडलं होतं, ज्यात आईने चार महिने मीठ ठेवलं, आणि जे तू पुढच्या वर्षी मुंबईच्या मोठ्या म्युझियमला देऊन आलास. ते तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे हे कळल्यावर आई म्हणाली होती की म्हणूनच पावसाळ्यात मिठाला पाणी सुटत नव्हतं. तू परत येऊन सांगितलंस की गाडगं काचेच्या कपाटात ठेवलं आहे आणि खाली चिठ्ठीवर आबांचं नाव आहे. सहा वर्षं आबा हे लोकांना सांगत आले. आता त्यांना ते स्वतः वाचायचं आहे.

त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. एप्रिलमध्ये नाशकात शिबिर आहे, तिथे नाव घातलं आहे. पण आबांनी बजावलं आहे की आधी म्युझियममध्ये नाव वाचीन आणि मगच डॉक्टरच्या हाती डोळा देईन. तेव्हा दादा, तुझ्या सवडीने एक रविवार कळव. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ.

लोभ आहेच, तो फायलीत लावून ठेवू नये.
तुझी,
लता


देवळाली कॅम्प,
दि. १९ जानेवारी १९७९

चि. लतास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. आबांची बातमी वाचून फार बरं वाटलं. तुझ्या हाताखाली शिकायला धीर लागतो, तो त्यांच्यात आहे. लहानपणी तू मला पाढे शिकवायला बसायचीस आणि माझे चुकले की छडी तूच उगारायचीस, मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा असून.

म्युझियमचं म्हणशील तर मार्चअखेरपर्यंत आमच्याकडे ऑडिट आहे. शिवाय थंडीच्या दिवसांत तिथे शाळांच्या सहलींची एवढी गर्दी असते की काचेपर्यंत पोचता येत नाही. पायऱ्याही पुष्कळ आहेत आणि आबांचे गुडघे तुला ठाऊक आहेत. ती माणसं अधूनमधून वस्तू एका दालनातून दुसऱ्या दालनात हलवतात, तेव्हा गाडगं सध्या बाहेर मांडलेलं आहे की नाही हेही विचारून घ्यावं लागेल. आधी डोळा होऊ दे. स्वच्छ दिसायला लागल्यावर जाऊ, म्हणजे आबांनाही समाधान वाटेल.

आबा फक्त पुंजाराम एवढंच वाचतात, की पुढचंही थोडं लागायला लागलं आहे? सहज विचारतो. आणि खोलीवर पत्र पाठवू नकोस, कार्ड तर नकोच. मालकीणबाई कार्डं वाचतात आणि आमच्या घरची बातमी आम्हालाच सांगतात.

सुजाता तुझी आठवण काढते. आबांना माझा नमस्कार सांग.
माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा,
दादा


चांदवड,
दि. १४ फेब्रुवारी १९७९

ती. सहादूदादास,
लताचा स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र वाचून मला राग आला. ऑडिट, सहली, गुडघे आणि दालनं, अशी चार कारणं एका माणसाला एका वेळी कशी सुचतात? म्हणून मी मुद्दाम तुझ्या खोलीच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. म्हटलं मालकीणबाईंनाही कळू दे की याचे वडील मुंबईला जायचं म्हणतात आणि हा टाळतो.

ते कार्ड काल परत आलं. लहानू पोस्टमनने आबांच्या हातात दिलं. सहादूचं पत्र आलं म्हणून आबा ते घेऊन माझ्या बालवाडीत आले, अंगणातून धापा टाकत, आणि पोरांसमोर मला वाचायला सांगितलं. माझंच अक्षर, माझाच मजकूर. सहादू पुंजाराम केदारे हे नाव लाल शाईने खोडलेलं आणि वर लिहिलेलं की या नावाचा इसम या पत्त्यावर राहत नाही.

आबांनी काय म्हणतोय म्हणून विचारलं. मी सांगितलं की सगळं ठीक आहे, ऑडिट झालं की जायचं म्हणतोय. आजवर आबांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. ते खूश होऊन परत गेले आणि जाताना बालवाडीच्या पोरांना शेंगदाणे वाटून गेले.

मी आता सरळ विचारते. पत्ता तूच दिलेला आहे. तू तिथे राहत नाहीस, तर कुठे राहतोस? आणि राहत असशील, तर त्या घरात तुला ओळखत का नाहीत? मला घाबरवू नकोस. जे असेल ते लिही.

उत्तराची वाट बघते. मनात काही न ठेवता लोभ असावा.
तुझी,
लता


देवळाली कॅम्प,
दि. २२ फेब्रुवारी १९७९

चि. लतास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. कार्ड मालकीणबाईंनी परत केलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. त्या घरात केदारे नावाचं कोणी राहत नाही. सहादू चांदवडकर राहतो, त्याची बायको राहते, आणि सुजाता चांदवडकर राहते.

एकोणसत्तर साली मी पंचवटीत खोली शोधत होतो. चार ठिकाणी खोली रिकामी होती आणि माझं पूर्ण नाव ऐकल्यावर ती भरली. पाचव्या ठिकाणी मी दमलो होतो, नुसतं सहादू सांगितलं. बाईंनी गाव विचारलं. मी चांदवड म्हणालो. त्या म्हणाल्या, म्हणजे चांदवडकर. मी नाही म्हटलं नाही. एवढंच मी केलं. त्यांनी आतून तांब्याभर पाणी आणून दिलं आणि ते पिताना मला वाटलं की उद्या सांगू. दहा वर्षं झाली, तो उद्या आला नाही. मग रेशनकार्डावर तेच आलं, मग कागद जुळावेत म्हणून प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात छापून आणलं, ऑफिसातही बदललं. केदारे नावाने येणारी तुझी पत्रं तेवढी मी रजिस्टरात न चढवता खिशात घालतो. म्हणून ती मला नीट मिळतात.

आता म्युझियमचं. तिथले साहेब भले गृहस्थ होते. मला खुर्ची दिली, चहा मागवला, गाडगं तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांनी उचलून बघितलं. मग एक छापील अर्ज पुढे केला. देणाऱ्याचं संपूर्ण नाव. मी पडलो कारकून, अर्ज दिसला की हात आपोआप चालतो. सहादू पुंजाराम चांदवडकर असं लिहून झालं आणि मग मला दिसलं की मी काय लिहिलं. दुसरा अर्ज मागता आला असता. साहेबांनी हसून दिलाही असता. पण मग सांगावं लागलं असतं की मी दोन नावांचा माणूस आहे. चहा निवत होता. मी अर्ज तसाच पुढे सरकवला.

घरी येऊन आबांना सांगितलं की खाली तुमचं नाव लिहिलंय. लता, ते अगदीच खोटं नव्हतं. मधे पुंजाराम आहे. बापाचं नाव मधे घालायची पद्धत आहे म्हणून ते तिथे आहे, आणि त्या मधल्या नावाच्या आधारावर मी सहा वर्षं काढली. दोनदा एकटाच मुंबईला जाऊन ती चिठ्ठी बघून आलो. पहिल्या वेळी वाटलं होतं की कदाचित अजून लावली नसेल.

गाडगं आबांनी शोधलं, आईने सांभाळलं, आणि खाली नाव लागलं ते मालकीणबाईंनी मला दिलेलं. आबा त्या काचेला डोळा लावून केदारे शोधतील आणि मी शेजारी उभा असेन, हे मला सहन होणार नाही. मी म्युझियमला चिठ्ठी बदलण्याबद्दल पत्र लिहिलं आहे. उत्तर येईपर्यंत आबांना थोपव. त्यांना सांगू नकोस.

लोभ असावा असं लिहायचा हक्क राहिला आहे की नाही, ते तूच ठरव.
तुझा,
सहादू


चांदवड,
दि. २ मार्च १९७९

ती. दादास,

वर जयभीम लिहिलेला नाही. तुला तो चालतो की नाही, हे मला आता ठाऊक नाही.

पत्र वाचून पहिल्यांदा मला आई आठवली. शेवटच्या आजारात तिला नाशकातल्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं होतं आणि चार दिवस तुझ्याकडे ठेवायचं होतं. तू म्हणालास की खोली लहान आहे आणि जिना फार उभा आहे. तिने ते खरं मानलं. बघायला येणाऱ्या बायकांना ती कौतुकाने सांगायची की आमच्या सहादूचा जिना लय उभा हाय, माडीवर ऱ्हातो तो. दादा, मी दोन दिवस त्या जिन्याचाच विचार करते आहे.

तरी मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. बालवाडीच्या ट्रेनिंगला नाशकात वसतिगृहात होते, तेव्हा ट्रंकेच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला होता. खोलीतल्या मुलींना तो दिसू नये म्हणून पंधरा दिवस मी झाकण अर्धंच उघडून हात घालून कपडे काढत होते. सोळाव्या दिवशी माझीच मला लाज वाटली आणि झाकण भिंतीला टेकवून ठेवलं. दोघींनी माझ्याशी बोलणं सोडलं, तिसरीने सोडलं नाही. माझा सोळावा दिवस उजाडला आणि तुझा उजाडला नाही, एवढाच आपल्यात फरक असेल. चार दारं बंद झाल्यावर मी काय केलं असतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून शिव्या देत नाही. पण रागावलेली आहे.

आबांना थोपवणं आता माझ्या हातात नाही. त्यांनी परस्पर २५ मार्चचा रविवार ठरवला आहे. ऑडिट मार्चअखेर संपतं म्हणजे पंचवीस तारखेला उरकत आलं असणार, असा त्यांचा हिशेब. नवी टोपी घेतली आहे. गल्लीतल्या प्रत्येकाला सांगून झालं आहे आणि रंगूबाईने प्रवासासाठी लाडू करायचं कबूल केलं आहे. तेव्हा तोवर एक तर चिठ्ठी बदलून घे, नाहीतर इथे येऊन आबांना तोंडाने सांग. मी सांगणार नाही. ते तुझं ओझं आहे.

लोभ आहे. नसता तर बरं, असं मात्र सध्या वाटतं.
लता


देवळाली कॅम्प,
दि. ९ मार्च १९७९

चि. लतास,
अ. उ. आ. वि. वि.

म्युझियमचं उत्तर आठ दिवसांत आलं, आणि फार सौजन्याने लिहिलेलं. चिठ्ठी बदलता येईल, पण त्यासाठी अर्ज, जुन्या-नव्या नावाचे कागद आणि समितीची मंजुरी लागेल. समिती जूनमध्ये बसते. त्यांच्याकडे बोट दाखवायला काही जागा नाही. मी सहा वर्षं गप्प बसलो, त्यांनी तीन महिने मागितले.

चांदवडला यायला शनिवारी निघालो होतो. नाशिकच्या स्टॅंडवर मालेगावच्या गाडीत बसलोही. गाडी सुटायच्या आत उतरलो. हे तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

दोन गोष्टी मागतो. एक, पंचवीस तारखेपर्यंत आबांना केदारे लिहायला शिकवू नकोस. पुंजारामच पक्कं करून घे. दुसरी, आबांनी पुढचा शब्द विचारलाच तर तू केदारे असं वाच. एवढं एकदाच. जूनमध्ये चिठ्ठी बदलली की मी स्वतः सगळं सांगेन. तुझ्या तोंडून खोटं वदवतो आहे हे मला कळतं. माझ्या तोंडाला ते शब्द फुटणार नाहीत, आणि तुझं ते ऐकतात.

तुम्ही दोघं मनमाडला गाडी धरा, मी नाशिकरोडला चढेन. येताना मी नाशिकरोडला उतरेन आणि तुम्ही थेट मनमाडला जा, म्हणजे खोलीवर यायचा प्रश्न येणार नाही. हे वाक्य लिहून मी बराच वेळ पेन खाली ठेवलं होतं. शिबिराच्या वेळी दवाखान्यातच आठ दिवस खाट मिळते का, तेही विचारून ठेवतो.

राग असू दे, पण त्याच्या खाली थोडी माया राहू दे.
तुझा,
सहादू


चांदवड,
दि. २७ मार्च १९७९

ती. सहादूदादास,
लताचा स. जयभीम वि. वि.

परवा म्युझियममध्ये तू त्या खांबाच्या मागे उभा राहिलास, त्यामुळे तुला काही ऐकू गेलं नसेल. आणि नाशिकरोडला तू उतरल्यानंतर जे झालं, ते तुला ठाऊकच नाही. म्हणून लिहिते.

आबांनी दारात वहाणा काढल्या आणि वॉचमनने घाला म्हटल्यावर लाजले, ते तू पाहिलंस. नंतर एवढे दगडी देव आणि तलवारी लागल्या, पण त्यांनी मान वळवून बघितलं नाही. गाडगं दिसल्याबरोबर थांबले आणि हसले. शेजारी एक परकी बाई उभी होती, तिला सांगितलं की यात आमच्या घरचं मीठ असायचं. तिला वाटलं असेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मग डावा डोळा काचेला लावून चिठ्ठी शोधली. श्वासाने काच धुरकट झाली, ती उपरण्याने पुसली. पुंजाराम या शब्दावर बोट थांबलं. चारी अक्षरं त्यांनी पुटपुटत वाचली, आणि दादा, त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, झालं, फिटलं, आता काही विचारू नये यांनी.

पण बोट पुढच्या शब्दावर गेलं. त्या शब्दावरून ते सावकाश वर-खाली फिरलं, पाटीवर गिरवतात तसं. मग त्यांनी हे काय लिहिलंय म्हणून विचारलं. पंधरा दिवस मी तयारी केली होती. मी केदारे म्हणाले. ते बरं म्हणाले.

तू उतरल्यावर ते खिडकीशी बसले. निफाड गेल्यावर त्यांनी विचारलं की केदारेला अक्षरं किती. मी लाडवाचा डबा बांधत होते, विचार न करता तीन म्हणाले. त्यांनी एका हाताची तीन बोटं मिटली. थोड्या वेळाने दुसऱ्या हाताचीही तीन मिटली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून मनमाडपर्यंत बाहेर बघत राहिले. काचेखालच्या शब्दाला सहा अक्षरं आहेत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

काल वर्गात मी त्यांच्या पाटीवर केदारे लिहून दिलं. त्यांनी ते पाहिलं आणि बाहीने पुसलं. डोळा दुखतोय म्हणाले. गेले पंधरा दिवस ते रोज विचारत होते की आडनाव कधी, आणि मी सांगत होते की आधी हे पक्कं होऊ दे. शिकवणारी बाई होऊन मी एका माणसाला त्याची स्वतःची तीन अक्षरं दिली नाहीत. तुझं ओझं तुझं आहे असं मी लिहिलं होतं. त्यातलं अर्धं आता माझ्या डोक्यावर आहे.

जूनची वाट बघू नकोस. त्यांनी विचारायच्या आत त्यांना लिही.
आपला लोभ दोघांनाही पुरायला हवा, म्हणून सांभाळून असावा.
तुझी,
लता


चांदवड,
दि. ५ एप्रिल १९७९

चि. सहादूस,
बापाचा जयभीम आन आशीर्वाद.

हे पत्र शेजारचा गोटीराम लिवतोय. मी बोलतो तसंच लिव, सुधारू नको, असं त्याला बजावलंय. लताला लिवाया सांगितलं असतं तर ती रडली असती.

म्युझियम लय चांगलं हाय. गाडगं बेस ठेवलंय, एवढी पन धूळ नाय. तुझ्या मायनं पाह्यलं असतं तर म्हनली असती, मीठ काढून घ्या आधी. तू ते जपून नेलं, चांगल्या जागी पोचवलं, हे तुझं काम मी इसरनार नाय.

पुंजाराम मी वाचलं. पुढचा शब्द बघितला तवा वाटलं की गाडगं कोन्या गावचं ते लिवलंय. तीस वरीस मी मैलाच्या दगडावर चांदवड गिरवलं. चांदवड तीन, चांदवड दोन, चांदवड एक. मला वाचाया येत नव्हतं, पन तो शब्द माझ्या हाताला ठावा हाय, दोन्ही डोळे मिटून काढीन. मागं दोन अक्षरं जादा व्हती तेवढी कळली नाय. म्हनून लताला इचारलं. ती केदारे म्हनली आन तिचा आवाज बदलला. तवा मला समजलं की हे गावाचं नाव नाय, मानसाचं हाय. आन तू खांबामागं का हुबा हायेस ते बी समजलं.

मला राग आला व्हता. तीन दिस भाकर ग्वाड लागली नाय. मग इचार केला. रोडच्या कामावर असताना तहान लागली तर लोक पानी देन्याआधी नाव इचारायचे. मी नाव सांगायचो आन तहानेला पुढं जायचो. तुला नाशकात घर पायजे व्हतं, घोटभर पानी नाय. मी तुझ्या जागी काय केलं असतं ते मला सांगता येत नाय. एकाच गोष्टीचं वाईट वाटतंय, तुझी माय तो जिना खरा धरून गेली. आन पोरीला खोटं बोलाया लावू नको परत, तिला ते जमत नाय.

वीस तारखेला शिबिर हाय. डोळ्याला पट्टी बांधल्यावर आठ दिस नाशकात ऱ्हावं लागतंय. दवाखान्यात मला नको, मी तुझ्याकडं येनार. जिना चढीन. सुजाताला बघून लय दिस झाले. भिऊ नको, तुझ्या मालकीनबाईनं नाव इचारलं तर तुझी पंचाईत व्हनार नाय, मी सगळं ठरवलंय. लताला सांगितलं की केदारे शिकवायचं ऱ्हाऊ दे. चांदवड मला येतंच व्हतं. मागचं क आन र तेवढं गोटीरामकडून शिकून घेतलं, दोन दिस लागले.

खालची सही त्यानं केलेली नाय. ती माझ्या हातची हाय. वळन कसं हाय ते बघ.

नाव कोनचं बी असू दे, लोभ तुटू देऊ नको.
तुझा बाप,
पुंजाराम चांदवडकर